तळ्यापलीकडची डुरकी

ग्लेनकोरी, ९ मार्च

शेन,

येऊ नकोस.

तुझं पत्र मी कातरणीच्या शेडमागे उभी राहून वाचलं आणि लगेच चुलीत घातलं. घरी नेलं असतं तर डॅरिलच्या हाती लागलं असतं, आणि तुझं अक्षर बघून त्याने घरातलं काय फोडलं असतं ते सांगता येत नाही. गेल्या वेळी फ्रिजचं दार गेलं.

तू म्हणतोस, कोबीला जाऊन दोन वर्षं होतील त्या दिवशी वरच्या तळ्यावर जायचं, त्याच्यासाठी एकदा शिंगातून डुरकी द्यायची आणि आल्या पावली परत फिरायचं. घरी यायचं नाही, कुणाला तोंड दाखवायचं नाही. वा! किती सोपं करून टाकलंस. ज्या तळ्यावर माझ्या पोराला गोळी घातलीस तिथे तू शिंग वाजवणार, आणि मी इथे मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीसाठी बटाटे सोलत बसणार.

मला तुमचं हे एप्रिलचं वेड कधी कळलंच नाही. हरणांचे नर माजावर येतात, डोंगरभर डुरकत फिरतात, ते समजू शकतं. पण त्यांना भांडायला बोलवायचं म्हणून तुम्ही बापयेही शिंगात तोंड खुपसून तसेच डुरकता. नर चिडून समोर आला की गोळी. कोण जास्त माजलंय, तो की तुम्ही, असं मी लग्नाआधीपासून विचारत आले आणि तुम्ही दोघं मेहुणे हसत आलात.

स्पष्टच सांगते. कोर्टाच्या पायऱ्यांवर डॅरिलने तुझा जबडा मोडला तेव्हा त्याला ओढायला पोलीस होते. वर तळ्यावर पोलीस नसतात. त्या मारामारीनंतर त्याच्या बंदुका सरकारजमा झाल्या हे खरं, पण त्याच्या बापाची जुनी रायफल कुंपणाच्या खांबांच्या ढिगाखाली ताडपत्रीत गुंडाळलेली आहे. मला ते माहीत आहे हे त्याला माहीत नाही.

तू माफी मागितली असतीस तर कदाचित त्याचा हात उठला नसता. पण तू काय बोललास? "मला खात्री होती." आपल्याकडे पोराच्या हातात बंदूक देण्याआधी एकच गोष्ट त्याच्याकडून घोकून घेतात: समोर काय आहे याची पुरती खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही. डॅरिलने ते कोबीकडून घोकून घेतलं होतं. तू मिसरूड फुटलेला पोरगा होतास तेव्हा तुझ्याकडूनही त्यानेच घोकून घेतलं होतं. आणि तू त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालास, मला खात्री होती, डुरकी म्हाताऱ्या नराची होती, शेवटी घसा फाटल्यासारखी तुटली.

तो तुझा म्हातारा नर! तुझ्याशिवाय कुणी त्याला कधी पाहिला नाही, कुणी ऐकला नाही. तू म्हणे त्याच्याकडूनच ती तुटकी डुरकी शिकलास. मग तीच माझ्या कोबीला शिकवलीस, तुझंच शिंग देऊन. "आई, शेनमामासारखी जमली बघ," म्हणून तो गाढव न्हाणीघरात डुरकायचा, शेजारची कुत्री भुंकायची. जगात दोनच माणसांना येत होती ती. मग धुक्यात समोरून ती आली तर कुणाची असणार होती, शेन?

तेव्हा येऊ नकोस. मला तुझी दया आली म्हणून सांगत नाही. एक गेला, दुसरा तुरुंगात गेला तर मी कुणाशी भांडू?

रेलीन


ग्लेनकोरी, १४ एप्रिल

शेन,

परवा तू ऐकलीस ती गोळी तुझ्यासाठी होती.

हे पत्र तुझ्या कालगुर्लीच्या खाणीच्या पत्त्यावरच टाकतेय. अजून इकडेच कुठे लपला असशील तर परत गेल्यावर वाच. माझा ओठ सुजलाय, दोन दात हलताहेत, चहा थंड करून प्यावा लागतो. डॅरिलचं गळ्याजवळचं हाड मोडलंय. डॉक्टरीणबाईंना आम्ही सांगितलं, दोघं एकदम घसरलो. तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि लिहून घेतलं.

इतकं सांगितलं होतं, तरी आलास.

पेट्रोलपंपावरच्या मर्लीनने आग लावली. तिने डॅरिलला सांगितलं, हुबेहूब शेनसारखा एक जण काल टाकी भरून गेला, दाढी वाढवली होती पण चाल तीच. घरी येऊन डॅरिल जेवला, ताट धुतलं. एरवी तो ताट उचलतसुद्धा नाही. मग खुंटीवरून मोठी पाठपिशवी काढली आणि मागच्या दाराने खांबांच्या ढिगाकडे गेला.

"कुठे?" मी विचारलं.

"वर. पोराच्या दिवसाला."

"मी पण येते."

"तुझे गुडघे."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघते. तू पाई बनव."

बनवली रे त्याने, मैद्याच्या पारीत भाजलेली. अंडी आणि बेकनची, कोबीला आवडायची तशी, कडा जळलेली. रायफल पिशवीला बांधायची, आणि आत पोराच्या आवडीची पाई. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते तुला एवढ्यावरून कळेल.

उजाडताना नदी ओलांडली. खालच्या कुरणात दव होतं, ते पिवळं झुबकेदार गवत कमरेपर्यंत भिजवत होतं. दिवस इतका चांगला होता की मला संताप आला. कोबी गेला तेव्हा धुकं होतं, म्हणून मला धुक्यावर राग काढायची सवय झालीय. लख्ख उन्हावर काय राग काढणार? डॅरिल पुढे चालत होता. वाटेत कुणीतरी लावलेल्या सापळ्यात एक मांजराएवढं पोसम अडकलेलं होतं, जिवंत. त्याने पिशवी न उतरवता बुटाच्या टाचेने त्याचं डोकं ठेचलं, आणि मेल्यावरही ठेचत राहिला. "मेलं ते," मी म्हणाले. "माहितेय," तो म्हणाला, आणि आणखी एकदा मारला.

खालच्या तळ्याशी थांबलो नाही. मधल्या तळ्याशी तंबू होता, एक जर्मन पोरगा आणि पोरगी, उघड्या पायांनी पाण्यात उभी, मोठ्याने हसत होती. पोराने पिशवीवरची रायफल बघितली आणि मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, "काका, आज काय मारणार?"

डॅरिलने त्याची मानगूट धरली आणि त्याला तसाच गुडघाभर पाण्यात ढकलत नेला. "केशरी जाकीट कुठंय तुझं? आँ? या दिवसांत इथे असा तपकिरी स्वेटर घालून फिरतोस? तुझ्या आईला कोण सांगणार?" पोरगी किंचाळायला लागली. मी त्याच्या हाताला लोंबकळले तेव्हा सुटला पोरगा. त्याच्या मानेवर पाचही बोटं उठली होती. मी माझं केशरी जाकीट काढून पोरीच्या अंगावर फेकलं आणि म्हणाले, "खाली जा. आत्ता. धावत." तंबू अर्धा सोडून पळाली बिचारी.

आता तू म्हणशील, केशरी जाकिटाचं त्याला एवढं का लागलं. त्या दिवशी कोबीचं जाकीट, लांबून माणूस ओळखू यावा म्हणून घालायचं ते, त्याच्या स्वतःच्याच पिशवीत घडी करून ठेवलेलं होतं. चढताना घाम आला म्हणून काढलं. ते डॅरिलने त्याला वाढदिवसाला आणलं होतं, आणि पोलिसांनी ते कोरं करकरीत परत दिलं.

वरच्या कुरणात दुपार झाली. तिथे दोन केआ पोपट मेलेल्या मेंढीच्या पाठीत चोची घालून चरबी ओढत होते. मेंढी पूर्ण मेली नव्हती असं मला वाटलं, पण मी बोलले नाही. बोलले असते तर त्याने पुन्हा टाच उचलली असती, आणि मला ते बघायचं नव्हतं. पाई आम्ही चालता चालताच खाल्ली. त्याने त्याचा अर्धा वाटा रुमालात बांधून खिशात घातला. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

खिंडीतून वरचं तळं दिसलं आणि तेवढ्यात धुकं उतरलं. उतरलं म्हणजे पाच मिनिटांत पलीकडचा काठ गेला. आम्ही तळ्याच्या अलीकडच्या खडकांत बसलो. इथेच पडला होता तो. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास आणि वर हेलिकॉप्टर धुक्यात घिरट्या घालून परत गेलं होतं, ते हेच खडक. मी पहिल्यांदाच बघत होते. दगडावर हात ठेवला, तर तो फक्त गार होता.

आणि मग पलीकडून तू डुरकलास.

शेन, कोबीच तो. लांब खर्ज, मग चढ, मग शेवटी घसा फाटून तुटलेला आवाज. मी "कोबी" म्हणाले, मोठ्यांदा. मग भानावर आले. ज्याला शिकवलं तो गेला, ज्याने शिकवलं तो उरला.

डॅरिल पालथा झोपला होता, रायफल खडकावर टेकवून. कधी सोडली पिशवीवरून ते मला कळलं नाही.

"डॅरिल, नर असेल."

"शिंग आहे ते. शिंगाशिवाय असा आवाज निघत नाही." त्याचा डोळा रायफलवरच्या दुर्बिणीला होता. धुकं मधूनच फाटत होतं. "तो बघ. मोठ्या खडकामागे. तपकिरी सदरा."

मीही बघितलं. तुझा तो लोकरीचा तपकिरी सदरा, खांद्यापासून वरचं धुक्यात, हलत नव्हतास. कोबीसाठी डुरकून झाल्यावर मान खाली घालून उभा आहेस असं मला वाटलं.

"नीट बघ," मी म्हणाले. "खात्री कर."

हे मी का म्हणाले, मला माहीत नाही. सवयीने तोंडातून आलं असेल. तो हसला. दोन वर्षांत मी त्याला हसताना बघितलं नव्हतं.

"रेलीन," तो म्हणाला, "जन्मात कधी एवढी खात्री नव्हती मला."

आणि रायफलचा सुरक्षेचा खटका काढला.

आता जे लिहितेय ते नीट वाच. मी लगेच काही केलं नाही. मला वाटलं, होऊन जाऊ दे. मारू दे त्याला, मग त्याला नेतील, मग मी घरी जाऊन दार लावून झोपेन आणि कुणीच उरणार नाही ज्याच्यासाठी उठायचं. मला तू मरायला हवा होतास, शेन. तू माझा धाकटा भाऊ, तुझं नाक मी पुसलंय, आणि त्या क्षणी मला तू मरायला हवा होतास.

तू पुन्हा डुरकलास. तीच डुरकी, तसाच तुटला शेवट, आणि मला न्हाणीघर आठवलं. मी हाताला लागला तो दगड उचलला आणि डॅरिलच्या खांद्यावर जीव खाऊन हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कातरणीच्या शेडमध्ये अख्ख्या मेंढ्या उचलून ओव्हनमध्ये घातलेले हात आहेत माझे. गोळी सुटली ती तळ्यात कुठेतरी गेली. मी ओरडले, "शेन, पळ!" तू पळालास. धुक्यात एक तपकिरी उडी दिसली आणि दगड घरंगळले. वळून बघितलंही नाहीस.

डॅरिल एका हाताने माझ्यावर आला. त्याने माझ्या तोंडावर मारलं, मी त्याच्या मोडलेल्या खांद्यावर मारलं, तो गुरासारखा ओरडला. आम्ही त्या गवतात लोळत मारामारी केली, पन्नाशीची दोन माणसं. त्याने माझे केस धरले होते, मी त्याचा कान चावला होता. जिथे आमचा पोरगा मेला तिथेच. शेवटी त्याच्या खिशातली पाई चिरडून आमच्या दोघांच्या अंगाला लागली आणि तो थांबला. तो चिरडलेला रुमाल हातात घेऊन तो बसून राहिला, आणि मी रायफल उचलून तळ्यात फेकली, जितकी लांब जाईल तितकी.

"तू त्याला वाचवलंस," तो म्हणाला.

"तुला वाचवलं, मूर्खा."

ते अर्धंच खरं होतं, पण त्याच्याशी बोलायला माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. त्याचा हात माझ्या गळपट्ट्याच्या झोळीत बांधून मी त्याला खाली आणला. अंधारात दोनदा पडलो. तो एकदाही कण्हला नाही.

तेव्हा आता ऐक. तुझा जीव तुला मी एकदा दिलाय. पुन्हा त्या तळ्यावर शिंग घेऊन आलास तर मी दगड उचलणार नाही.

रेलीन


ग्लेनकोरी, ३ मे

शेन,

तुझा फोन मी आपटला, त्याबद्दल.

पत्र वाचून फोन केलास आणि पहिलं काय विचारलंस तर, "ताई, कुठली गोळी?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, इतकं होऊनही हा खोटं बोलतोय. "तू नको म्हणालीस म्हणून मी आलो नाही. मी खाणीत होतो." आणि मी फोन आपटला.

मग मी तुझ्या खाणीच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईला सांगितलं, मी बहीण, घरी आजारपण आहे. ती म्हणाली, शेन? तो गेल्या वर्षभरात एक दिवस रजेवर गेलेला नाही, आम्हीच मागे लागतो. बारा एप्रिललाही खालीच होता, तिने स्वतः त्याला पाळीवर उतरवलं होतं. मी तिला दोनदा विचारलं. ती दुसऱ्यांदा जरा वैतागली.

मर्लीनलाही जाऊन विचारलं. ती म्हणते, तो माणूस परवा पुन्हा आला होता, कुठल्या तरी धरणाचा इंजिनियर आहे, आणि दाढीशिवाय तुझ्यासारखा अजिबात दिसत नाही. तिला काउंटरवरून ओढून हाणावीशी वाटली, पण माझे दात अजून नीट बसलेले नाहीत.

मी हे सगळं डॅरिलला जेवताना सांगितलं. तो डाव्या हाताने खात होता, चमच्यातून वाटाणे सांडत होते. त्याने ऐकलं, ताट सरकवलं आणि झोपायला गेला. सकाळी उठले तर अंथरूण रिकामं, पिशवी खुंटीवर नाही. हात गळ्यात बांधलेला असताना! मी धावत खांबांच्या ढिगाकडे गेले. मग आठवलं, रायफल तळ्यात आहे.

रात्रभर तो आला नाही. मी कुणाला पाठवलं नाही, कारण काय सांगून पाठवणार होते? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या दाराशी बूट वाजले. तो आत आला आणि स्वयंपाकघर नराच्या वासाने भरून गेलं. तुला माहीत आहे तो वास, ज्या चिखलात माजलेले नर मुतून लोळतात त्याचा. तो कमरेपर्यंत त्या चिखलात माखला होता.

मी त्याला खुर्चीत बसवलं, बूट काढले.  तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

"मोठ्या खडकामागे चिखल आहे," तो म्हणाला. "ठसे हे एवढाले."

"बरं."

"हंगाम सरलाय, पण हा अजून डुरकतोय. मी रात्रभर तिथेच होतो, हातात काही नव्हतं. पहाटे आला. इतक्या जवळ आला, रेलीन, की त्याचा श्वास दिसत होता. म्हातारा आहे. तोंड पांढरं. एक शिंग मुळाशी मोडलेलं. माझ्याकडे बघितलं आणि डुरकला." तो थांबला. "तशीच तुटली. शेवटी."

मी त्याच्या पायांवरचा चिखल फडक्याने पुसत होते. हात थांबले माझे.

शेन, आमच्यापैकी कुणी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. तो नर आहे असं तू ओरडून सांगत होतास आणि अख्खं कोर्ट तुझ्याकडे बघत होतं, मीसुद्धा. पोराच्या डुरकीत आणि नराच्या डुरकीत फरक करता आला नाही तुला, आणि माझं पोर गेलं. ते तसंच राहणार आहे. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस, ते मला जमत नाही, रोज सकाळी बघते आणि जमत नाही. पण आम्हालाही फरक करता आला नाही. भर दुपारी, दुर्बिणीतून, दोघांनी बघून. मी तुझा सदरा ओळखला, शेन. मला तुझे खांदेसुद्धा दिसले होते.

रात्री डॅरिलला झोप लागेना. तो उठून स्वयंपाकघरात आला. मी इथे टेबलाशी हे पत्र लिहायला बसले होते, सुरुवातच करत होते. तो समोर बसला. कोर्टापासून त्याने तुझं नाव घेतलेलं नाही, तेव्हाही घेतलं नाही.

"त्याला लिहितेयस?"

"हो."

"जबडा बसला का त्याचा?"

"वाकडा बसलाय म्हणतो. पाव चावताना वाजतो."

त्याने मान हलवली. गळ्यातली झोळी नीट केली. मला वाटलं, आता उठून जाईल.

"लिही त्याला," तो म्हणाला.

"काय लिहू?"

तो मग टेबलाची कडा अंगठ्याने घासत म्हणाला, "लिही, की मलाही खात्री होती."

लिहिलं.

रेलीन